एकोणिसाव्या अंकावरचं नाव

मी आणि आमची मुलगी सोडली तर माझ्या नवऱ्याचा, कॉर्विनचा, जीव एकाच गोष्टीत अडकला होता, 'मिस्टर बॅरोमीटर'च्या एकोणिसाव्या अंकात. युद्धाच्या काळात पिट्सबर्गच्या एका लहानशा छापखान्यातून हे कॉमिक निघायचं. वादळं आवरणारा एक टोपीवाला, आणि त्याला रडकुंडीला आणणारा ढग. नदीकाठच्या गावांपलीकडे ते फारसं गेलंच नाही. एकोणिसावा अंक आला त्याच महिन्यात शाळांनी युद्धासाठी रद्दी गोळा केली आणि पोरांनी कॉमिकांची खोकीच्या खोकी देऊन टाकली. बाकीचे अंक मिळायचे. एकोणिसावा आहे असं म्हणणारे भेटायचे, पण तो पाहिलेला कुणी भेटत नव्हता.

व्हर्ना होलुब नावाची म्हातारी घरातलं सगळं सामान विकून वृद्धाश्रमात चालली आहे असं कळलं तेव्हा शनिवारी उजाडताच आम्ही तिच्या अंगणातल्या रांगेत उभे होतो. पुढे गस होता, कॉर्विनचा जुना स्पर्धक, घडीची खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला.

"सगळं खटलं घेऊन आलास. म्हणजे पक्की बातमी आहे तुझ्याकडे."

"तू बोलू नकोस, गस. मागच्या घराच्या विक्रीत फुलदाणी बघतो म्हणून आत शिरलास आणि तडक माळ्यावर चढलास."

"घेतली ना फुलदाणी. दात घासायचे ब्रश ठेवतो तिच्यात."

दार उघडल्यावर गस सवयीनं माळ्याकडे पळाला. कॉर्विन स्वयंपाकघरात गेला, कारण त्याच्या मते जी वस्तू विकायची नसते ती लोक माळ्यावर टाकत नाहीत, हाताशी ठेवतात. व्हर्ना तिथेच बसली होती. तिनं आधी आमच्या चार वर्षांच्या मुलीकडे पाहिलं.

"नाव काय गं तुझं?"

"टेसा," ती ठसक्यात म्हणाली.

"शहाणी आहेस. स्वतःचं स्वतः सांगतेस."

कॉर्विननं विचारल्यावर व्हर्नानं टेबलाच्या खणातून, घडी घातलेल्या चादरींच्या खालून तो अंक काढला. कॉर्विननं दोन्ही हात खिशात घातले. दुर्मीळ कागद समोर आला की तो असंच करतो. मुखपृष्ठ काल छापल्यासारखं होतं. फक्त वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, दाबून, तिरप्या अक्षरांत एक नाव लिहिलं होतं. त्या काळी अदलाबदलीत अंक हरवू नये म्हणून पोरं अशी नावं घालत.

"माझ्या थोरल्या भावाचं," व्हर्ना म्हणाली. "बाकीचे सगळे त्यानं शाळेच्या रद्दीत दिले. हा नंतर हाती आला. तापात पडल्या पडल्या नाव घातलं आणि वाचायचा राहिला. थडग्यावर नावाचा दगड बसवू बसवू म्हणता तेही राहून गेलं. मग आई दर रविवारी हे नाव मोठ्यानं वाचायची. तिच्यामागे मी. आता मला बारीक अक्षर दिसत नाही, तर तुम्ही वाचत जा. घ्या, पण नाव पुसायचं नाही."

"हातसुद्धा लावणार नाही, मिसेस होलुब."

मी ते नाव तिथेच मोठ्यानं वाचलं. तिनं मान हलवली. मी पुन्हा वाचलं. हे मला पक्कं आठवतं.

मंगळवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर कॉर्विन जेवणाच्या टेबलावर अंक पसरून बसला होता. हातात मऊ खोडरबर. कोपरा स्वच्छ झाला होता.

"शब्द दिला होतास तू."

"कागदाला हात लावणार नाही म्हणालो होतो. मी शिशाला लावला." त्यानं हसण्याचा प्रयत्न केला. "अगं नोरीन, नाव म्हणजे डाग असतो. चहाचा डाग तसा पोराचा डाग. अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे लगेच पायरी खाली आणतात. असा अंक पुन्हा जन्मात मिळायचा नाही, तो डागासकट ठेवू?"

टेसा खुर्चीवर चढून टेबलावरचा करडा भुगा बोटानं गोळा करत होती. मी तिचा हात पुसला. तेवढंच केलं मी.

अंक तपासायला गेला. आणि टेसा हाकेला ओ देईनाशी झाली.

पहिल्यांदा मला वाटलं, खेळात आहे. नूडल-कोबीचं ताट ठेवून मी तीनदा हाक मारली, ती खिडकीशी पाठमोरी उभी. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळली. शाळेत बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हजेरी घेताना ती गप्प बसते. काल मी विचारलं, तुझं नाव काय, तर म्हणाली, सध्या नाहीये."

कान तपासले. कान उत्तम. पानांची सळसळसुद्धा तिला ऐकू येत होती.

त्या दिवशी येताना मी गाडी कडेला थांबवली आणि मागे वळून विचारलं, "राणी, मी हाक मारते तेव्हा ओ का देत नाहीस?"

"मला नाही मारत तू. त्याला मारतेस."

"कुणाला?"

"जिन्यात बसतो तो. त्याला त्याचं नाव सापडत नव्हतं. रडत होता. मग मी त्याला माझं दिलं."

मी हीटर वाढवला. 

"काय नाव आहे त्याचं खरं?"

"तेच तर सापडत नाही ना," मला काही कळत नाही अशा सुरात ती म्हणाली.

मी ते सांगायला तोंड उघडलं. मी ते दोनदा वाचलं होतं. कोपरा दिसत होता, तिरपी अक्षरं दिसत होती, पण शब्द नव्हता. घरी कॉर्विनला विचारलं. तो कपाळ चोळत राहिला. "सोपं होतं गं काहीतरी. जुन्या वळणाचं." मग चिडला. "पोरं काल्पनिक मित्र करतात, नोरीन. तू तिच्यावर सारखी नजर ठेवतेस, म्हणून असं करते ती."

दुसऱ्या दिवशी टेसाला घेऊन मी वृद्धाश्रमात गेले. व्हर्ना खिडकीत बसली होती. तिनं मला ओळखलं, टेसाच्या गालाला हात लावला.

"मिसेस होलुब, तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

"असं काय विचारतेस पोरी," ती म्हणाली, आणि थांबली. ओठ हलले.  मग हळू आवाजात म्हणाली, "पुसलंत ना तुम्ही?"

मी 'हो' म्हटलं.

"आई म्हणायची, कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. नाहीतर पोर घरोघर मागत फिरेल." तिनं टेसाकडे पाहिलं. "हिचं काय गं नाव? सांगितलं होतं ना मला हिनं."

 मग मी सांगायला गेले, आणि माझ्या जिभेवर काही आलं नाही.

फक्त एक श्वासभर. मग आलं, टेसा, टेसा, मी मनात म्हणतच राहिले, गाडीत बसेपर्यंत, घर येईपर्यंत, तळहातावर पेनानं लिहून ठेवलं तरी म्हणत राहिले. पण तो एक श्वास मी विसरू शकत नाही. जिला जन्म दिला, जिचं नाव ठरवायला नऊ महिने भांडलो, तिच्याकडे बघत मी तिथे रिकामी उभी होते.

घरी कॉर्विन खूश होता. अंक परत आला होता, जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद, वर दर्जाचा मोठा आकडा. त्याला हवी होती तीच पायरी. कोपरा कोरा.

"गसला फोटो पाठवला. अजून काही बोलला नाही. जेवला नसेल बिचारा."

"तुझ्या मुलीचं नाव सांग," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

"सांग."

तो हसला. मग जिन्याकडे बघत उभ्या असलेल्या टेसाकडे वळला आणि त्याचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो शोधत होता. मी तळहात पुढे केला तेव्हा त्यानं तो वाचला आणि खुर्चीवर बसला.

"फोड ती पेटी," मी म्हटलं.

पेटी फोडली की ती पायरी गेली, तो आकडा गेला, आणि परत तपासायला पाठवला तरी नाव लिहिलेल्या अंकाला काय मिळणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो उठला आणि हत्यारांच्या खोक्यातून पेचकस घेऊन आला. प्लास्टिक तडकल्याचा आवाज झाला तसा जिन्यात कुणीतरी एक पायरी उतरलं. कॉर्विननंही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"पण लिहायचं काय?" तो म्हणाला. आणि मग त्यालाच सुचलं. कागदावरच्या दुमडी आणि दाबाच्या खुणा शोधायला तो नेहमी करतो तसं त्यानं अंक खिडकीशी नेला आणि जवळजवळ आडवा धरला. सूर्य कलला होता. शिसं गेलं होतं, पण पोरानं पेन्सिल दाबून चालवली होती. तिरप्या उन्हात कोऱ्या कोपऱ्यावर चर उमटले, केसाएवढे.

"ॲ," त्यानं वाचलं. "म... ब..."

"ॲम्ब्रोस," मी म्हटलं.

जिन्यातला आवाज थांबला.

मी पेन्सिल उचलली, पण टेसानं ती माझ्या हातातून घेतली. तिला अजून स्वतःच्या नावातला 'टी' धड काढता येत नव्हता. तिनं जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून, त्या चरांतून ती सगळी अक्षरं एका ओघात जोडून काढली. मधे एकदाही थांबली नाही. वळण तिचं नव्हतं. कॉर्विननं ते मोठ्यानं वाचलं, मग मी. पेन्सिल खाली पडली.

"टेसा," मी हाक मारली.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी पुन्हा हाक मारायला गेले, तेवढ्यात ती वळली.

"ओ."

मी तिला उचललं, घट्ट धरलं. कॉर्विन पाठमोरा उभा राहून प्लास्टिकचे तुकडे गोळा करत होता, फार वेळ लावून.

"त्याला मिळालं त्याचं," ती माझ्या मानेशी म्हणाली. "माझं परत दिलं त्यानं."

"सगळं?"

तिनं जरा विचार केला.

"थोडं वापरलंय. पण चालेल."