हळदीचा धागा आणि येरुशलेमचं पाणी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात शनिवारी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. आत पाय ठेवायला जागा नाही. कुणी मिरजेहून आलेलं, कुणी तासगावहून, आणि आमची गोदावरीअक्का तर थेट कऱ्हाडशेजारच्या मलकापूरहून, लेकीला घेऊन. लेक म्हणजे माझी भाची मयूरी. बत्तीस वर्षांची, बँकेत अधिकारी, आणि तीनदा लग्न ठरता ठरता फिसकटलेलं. मी सांगलीत राहते म्हणून मलाही ओढून नेलं होतं, आणि मी आल्यापासून धुसफुसत होते.

व्यासपीठावर रब्बीबाबा. रब्बी म्हणजे यहुद्यांचा, ज्यूंचा धर्मगुरू. पांढरा झगा, डोक्यावर छोटी गोल टोपी आणि गळ्यात रुद्राक्ष. बाजूला समई, मागे दत्ताची तसबीर, टेबलावर लिंबांची परडी. सगळ्या दुकानांतला एकेक माल मांडला होता म्हणा ना. जोडीदार शोधायची यहुद्यांची गुप्त विद्या आपण येरुशलेमला राहून शिकलो, असं ते सांगत होते. बोली मात्र खटाव तालुक्यातली.

"जीव पोटात धरायच्या आधी चाळीस दिवस आकाशवाणी होती माऊली. अमक्याची पोरगी तमक्याच्या पोराला. देवानं ठरीवल्यालं असतंय, तुमाला फकस्त ऐकू येत न्हाई. आमाला येतंय."

बायका माना डोलवत होत्या. ही आकाशवाणी कुठल्या भाषेत होते, एवढं मला विचारायचं होतं, पण अक्कानं माझं मनगट दाबून धरलं.

चमत्कार असा होता. धागा प्रत्येकीनं घरून आणायचा, घरच्याच हळदीत रंगवून वाळवलेला. बाबा त्याचे तुकडे करायचे, मुलीला आलेल्या स्थळांची नावं तिच्या आईला एकेक करून घ्यायला लावायचे, आणि नाव घेतलं की एक तुकडा काचेच्या वाटीतल्या पाण्यात सोडायचे. चुकीच्या नावाला धागा पिवळाच राहायचा. नेमलेल्या नावाला लाल व्हायचा. इथंच आमची सांगली फसली. आम्ही हळदीच्या पेठेतली माणसं. हळद आपली, धागा आपला, मग बाबा लबाडी करतील कुठून, असं जो तो म्हणत होता. त्यातून हळदीचं कुंकू होताना दिसलं की आमच्या बायकांचे हात आपोआप जोडले जातात.

मयूरीचा नंबर लागला. अक्कानं आधी पुष्करचं नाव घेतलं. पुष्कर वडूजच्या शाळेत शिकवतो. दोघं चार-पाचदा भेटली होती, पोरीला तो मनापासून आवडला होता, आणि पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची ठरलं होतं. धागा बुडाला आणि पिवळाच वर आला. बाबांनी डोळे मिटले, पाणी विटाळलं म्हणाले, वाटी रिकामी केली आणि येरुशलेमच्या पाण्याच्या कुपीतून पुन्हा भरली. मग अक्कानं राजसचं नाव घेतलं. साताऱ्याचं तालेवार घर. नोकरी सोडायची अट घातली म्हणून मयूरीनंच नाकारलेलं स्थळ. धागा पाण्यात गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

अक्कानं जिन्यातूनच वडूजला फोन लावला आणि योग नाही म्हणून सांगून टाकलं. साताऱ्यालाही कळवलं. बाबांच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी, त्याच सभागृहात, दोन्ही घरांसमोर लाल धागा बांधायचं ठरलं. मी रस्त्यातच तिच्याशी भांडले. ती एकच धरून बसली.

"अगं, धागा माझ्या घरचा हाय. माझ्या हातानं रंगवलाय. मी काय आंधळी हाय?"

मी मयूरीकडे बघितलं. वाटलं, ही तरी चिडेल. ती रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाली, "मावशी, तीनदा मी निवडलं, तीनदा मोडलं. माझ्या निवडण्यातच खोट असेल." बँकेत समोरच्याच्या कागदांतली गफलत क्षणात पकडणारी ही पोरगी! मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

घरी बसवेना. मी तडक झिराडकर बाईंकडे गेले. एस्थर झिराडकर, कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवायच्या. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी यहुदी. नवरा गेला, भाऊबंद इस्राएलला गेले, बाई सांगलीतच राहिल्या. बाबांचं नाव काढताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाराचा.

"शनिवारी? तो आमचा विश्रांतीचा पवित्र वार. आमचे लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. आणि हा रब्बी शनिवारी दुकान मांडतो?"

मग बाईंनी सरळ सांगितलं. आकाशवाणीची ती कथा यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत खरंच आहे. लग्न जमावं म्हणून कुणी चाळीस दिवस प्रार्थना करतं, कुणी साधुपुरुषाच्या कबरीवर जातं, कुणी मनगटाला लाल दोरा बांधतं. त्यांच्या आईनंही त्यांच्या लग्नासाठी एलियाहू नबीला, म्हणजे त्यांच्या प्रेषिताला, गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलला होता. "पण ते देवाकडे मागणं झालं गं. मागून मनाला धीर येतो. मागितलं म्हणून वाटीत नाव उमटत नाही." एवढं बोलून बाई थांबल्या आणि विचारलं, पाणी ओतलं ती कुपी दोन्ही वेळा एकच होती का? मी आठवून बघितलं. मला सांगता येईना. मी तरी त्या वेळी धाग्याकडेच बघत होते.

रविवारी बाई आमच्याबरोबर आल्या. राजसची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. बाबांनी पुन्हा सगळ्यांसमोर कुपीतून वाटी भरली, राजसचं नाव घेतलं आणि धागा लाल करून दाखवला. तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांच्याशी हिब्रूत काहीतरी बोलल्या. बाबा म्हणाले, शालोम, म्हणजे नुसता नमस्कार. बाईंनी आणखी एक वाक्य विचारलं. बाबा पुन्हा म्हणाले, शालोम. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमचं नाव विचारलं मी," बाई मराठीत म्हणाल्या. "असू दे. वाटी रिकामी करू नका. मयूरी, तू ये. तुझाच धागा घे आणि तूच नाव घे."

बाबा म्हणाले, अश्रद्धेचा हात लागला की पाणी कोपतं. पण मयूरी उठली होती. का कोण जाणे, तिच्या चालण्यातच काल नव्हतं असं काहीतरी आलं होतं. तिनं पुष्करचं नाव घेऊन धागा सोडला. लाल. मग तिनं माझं नाव घेतलं. लाल. मग म्हणाली, रब्बीबाबा. तोही लाल. सभागृहात आता मोठाच हशा पिकला. बाईंनी परडीतलं लिंबू कापून राजसच्या नावाच्या धाग्यावर पिळलं. लाल धागा परत पिवळा झाला.

"आता हे लग्न मोडलं का?" बाईंनी विचारलं. मग त्या बायकांकडे वळल्या. "पांढऱ्या लुगड्यावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला, तर डाग कसा होतो?"

लाल. शंभर बायकांना एकदम आठवलं. मोरीत रोज बघितलेली गोष्ट व्यासपीठावर दिसली की आम्ही तिला हात जोडतो. बाईंनी सांगितलं, एका कुपीत साधं पाणी, दुसरीत धुण्याचा सोडा घातलेलं. सोड्यानं हळद लाल होते, लिंबानं पुन्हा पिवळी. धागा कुठल्याही घरचा असू दे. मी व्यासपीठावर जाऊन टेबलाखाली हात घातला आणि दुसरी कुपी वर ठेवली.

तरी नेमकं राजसचंच नाव का? ते त्याच्या आईनं भोळेपणानं सांगितलं. त्या उठून बाबांना म्हणाल्या, "आवं, पण आमी तुमच्याकडनं एवढं अनुष्ठान करून घेतलं हुतं. तुमीच म्हणला हुता, पोरीच्या धाग्यात आमच्याच पोराचं नाव आणतो." त्या माऊलीलाही फसवलंच होतं की. बाबा झगा सावरत मागच्या दारानं निघाले, तिथं लोकांनी त्यांना बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला.

अक्का खाली मान घालून बसली होती. मयूरीनं बाहेर येऊन पुष्करला फोन लावला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे आज माझ्या नावानंही धागा लाल झाला, म्हणून फोन केलास?"

"नाही," ती म्हणाली. "तो सगळ्यांच्याच नावानं लाल होतो. काल आईनं तुला नकार कळवला आणि मी गप्प बसले. ती चूक माझी, धाग्याची नव्हे. आज मी स्वतः विचारतेय."

पुष्कर म्हणाला, "मला लागलंय मयूरी. उद्या वडूजला ये, बोलू. आत्ता मी हो म्हणालोय असं समजू नकोस." ती बरं म्हणाली. सकाळच्या एसटीनं ती एकटीच गेली. पुढं काय होईल ते ती दोघं ठरवतील.

मंडळी, डोळ्यांनी बघितलं ते खोटं कसं असेल, असं आपण म्हणतो. धागा लाल झाला हे खरंच होतं. का झाला, ते सांगणारा खोटा होता. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी कारण विचारा. आणि लग्न ज्याच्याशी करायचंय, ते त्यालाच विचारा.