डाव्या बाजूचा स्पीकर

एका सकाळी आमच्या बैठकीतल्या डाव्या स्पीकरचा आवाज बसला. बंद पडला असता तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूशी कसं वागायचं ते मला कळतं. हा चालूच होता, पण त्याच्यावर कोणीतरी रजई टाकून वर एक जाडजूड माणूस बसवला असावा, असा. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग रीतसर घाबरलो.

कारण त्या सकाळी बेसिनच्या नळाचं पाणीसुद्धा फक्त उजवीकडेच पडत होतं. बायको डावीकडे उभी राहून बोलत होती आणि तिचा आवाज उजवीकडच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे येत होता. पण मी नळाचा आणि बायकोचा विचार केला नाही. स्पीकर बदलता येतो.

माझं पोट कानावर चालतं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे. तिथे वाचणारे वाचतात आणि मी ऐकतो. पान उलटल्याची खसखस, गिळलेला आवंढा, एखादा खाल्लेला शब्द, लांबवर भुंकलेला कुत्रा, हे सगळं पकडायचं, खूण करायची आणि वाचणाऱ्याला पुन्हा वाचायला लावायचं. या कामामुळे माणूस लोकप्रिय होत नाही, पण टिकून राहतो. माझ्याआधी हे काम करणाऱ्या बाईंना एका कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा संस्थेने त्यांचा सत्कार केला. फुलं दिली, भाषणं केली. भाषणं त्यांना ऐकू आली असावीत, कारण त्या रडत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर मी होतो.

मला तो सत्कार नको होता. म्हणून दोष स्पीकरचाच असायला हवा होता.

आमचा संच अगदी साधा. दोन चॅनेलचा स्वस्तातला अॅम्प्लिफायर, पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्पीकर आणि मध्ये टीव्ही. त्याला होम थिएटर म्हणायचं ते फक्त पाहुण्यांसमोर. बिघाड झाल्याबरोबर मी मेहुण्याला फोन केला. तो विमा कंपनीत कारकून आहे, पण त्याच्या घरात पलंगापेक्षा स्पीकर मोठे आहेत आणि त्याला आम्ही सगळे डेसिबल म्हणतो.

"भाऊजी, यात पद्धत आहे," डेसिबल म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी अॅम्प्लिफायरच्या मागच्या तारांची अदलाबदल करा. डाव्याची उजवीकडे, उजव्याची डावीकडे. बिघाड बाजू बदलून उजवीकडे गेला तर दोष अॅम्प्लिफायरचा. डावीकडेच राहिला तर स्पीकरचा."

"आणि स्पीकर बदलूनही डावीकडेच राहिला तर?"

"तर खोलीचा. कोपरा, पडदा, गालिचा. आवाज खातात ते."

"आणि खोलीचाही नसला तर?"

"एवढं काय घाबरताय? स्पीकर आहे तो, किडनी नाही."

मी तारा बदलल्या. बिघाड डावीकडेच राहिला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. दोष स्पीकरचा! शास्त्राने सिद्ध झालं! बायको म्हणाली, "मला तर दोन्हीकडून सारखाच येतोय." तिला आवाजातलं काही कळत नाही, असं मी तिला सांगितलं. हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय, त्यामुळे तिला संशय आला नाही.

दुकानदाराने नवी जोडी वाजवून दाखवली. "ऐका फरक," तो म्हणाला. मी मान जरा डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून ऐकलं. "जमीन-अस्मानाचा," मी म्हणालो. घरी आणून जोडले, नेहमीच्या जागी बसलो, मान सरळ ठेवली. डावीकडचा जाडजूड माणूस रजईवरून हललेला नव्हता.

मग मी अॅम्प्लिफायर बदलला. तो निर्दोष असल्याचं आधीच ठरलं होतं, पण घाबरलेला माणूस निर्दोषांनाही सोडत नाही. मग तारा बदलल्या, जाड तांब्याच्या आणल्या. मग डावीकडच्या खिडकीचा पडदा काढला.

"आता समोरच्या इमारतीतल्यांना आपण पूर्ण दिसतो," बायको म्हणाली. "तुमचा डावा आला का पण?"

"येतोय. हळूहळू येतोय."

तो येत नव्हता. मी बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवत नेलं आणि माझ्यापुरता गायक पुन्हा मधोमध उभा राहिला. घरातल्या बाकीच्यांना मात्र तो भिंतीत चिणल्यासारखा ऐकू यायला लागला. बातम्या भिंतीतून, मालिकेतली भांडणं भिंतीतून. बायकोचं डोकं दुखायला लागलं. आणि ती डावीकडून काही बोलली की मी उत्तर देत नसे, म्हणून एव्हाना ती माझ्याशी अबोला धरून होती. तो अबोला आहे हेही मला उशिरा कळलं.

ऑफिसातही तेच. हेडफोन खराब आहे म्हणून मी दुसरा मागितला, मग तिसरा.

"साहेब, चावता का तुम्ही हेडफोन?" भांडारातला माणूस म्हणाला.

हेडफोन उलटा घालून पाहणं हे क्षणभराचं काम. डावी बाजू उजव्या कानाला लावायची, की सोक्षमोक्ष. मी तो एकदाही उलटा घातला नाही. उलट डाव्या बाजूला लाल चिकटपट्टी लावून ठेवली, चुकूनसुद्धा उलटा घातला जाऊ नये म्हणून. आणि मग भूगोलाच्या पुस्तकात, नद्यांच्या धड्यात, वाचणाऱ्या बाईंची खुर्ची डाव्या बाजूला स्पष्ट करकरली आणि ती माझ्याकडून सुटली. मुलांकडून तक्रार आली. आमच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं, तो तुकडा हेडफोनवर ऐकवला आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हे तुमच्याकडून कसं सुटलं?"

मला करकर नीट ऐकू आली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घेऊन मी मान हलवली. "हेडफोन," मी म्हणालो. मला कुठूनतरी फुलांचा वास येत होता. फुलं तिथे नव्हतीच.

मी मेहुण्याला पुन्हा फोन केला. म्हटलं, आता दोनाचे पाचच करून टाकू. पुरतं होम थिएटर. तो इतका खूश झाला की स्वतःच खोकी घेऊन आला. रविवारी सकाळभर तो आमच्या बैठकीत रांगत होता, तोंडात स्क्रू धरून.

"ताई, हे यंत्र स्वतःच सगळं मोजतं," तो बायकोला म्हणाला. त्याने एक छोटा मायक्रोफोन काढला. सोफ्यावर माझी जिथे नेहमी बैठक असते तिथे उशांचा मनोरा रचला, वर तो मायक्रोफोन ठेवला. "हे भाऊजींचं डोकं. आता कोणी बोलायचं नाही."

स्पीकर एकेक करून टूं टूं वाजले. यंत्राने माझ्या डोक्याच्या जागी असलेल्या उशांपर्यंत प्रत्येकाचा आवाज मोजला, कमी-जास्त केला, आणि टीव्हीवर आकडे आले. डावा आणि उजवा, तंतोतंत सारखे.

"बघा!" डेसिबल म्हणाला. "बसा आता."

त्याने उशा उचलल्या. मी उशांच्या जागी बसलो. गाणं लागलं. डावीकडे रजई.

"डावा मेलाय अजून," मी म्हणालो.

"कसा मरेल? आत्ता मोजला की."

"मायक्रोफोन खराब असेल."

"भाऊजी, तो आत्ता खोक्यातून काढला." तो हसत होता. "स्पीकर बदलले, मशीन बदललं, तारा बदलल्या, पडदा काढला. मोजणाराही नवा आहे. आता तुम्हालाच उलटं बसवू या?"

तो थट्टेनेच म्हणाला होता. मी म्हणालो की आधी चहा घेऊ. मग म्हणालो की पाठ दुखतेय. मग म्हणालो की सोफ्यावर उलटं बसणं हे शिकलेल्या माणसाला शोभत नाही. बायको दारात येऊन उभी होती. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती, कितीतरी दिवसांनी.

"बसा," ती म्हणाली.

मी सोफ्यावर गुडघे टेकले आणि टीव्हीकडे पाठ केली, शिक्षा झालेल्या पोरासारखी. समोर भिंत, तिच्यावर आमच्या लग्नाचा फोटो. गाणं चालू होतं. डावा स्पीकर आता माझ्या उजवीकडे होता आणि खणखणीत गात होता, एकेक अक्षर. उजवा स्पीकर, इतके दिवस ज्याची मी स्तुती करत होतो तो, माझ्या डावीकडे मेला होता.

फोटोतला मी हसत होतो.

"काय?" डेसिबलने विचारलं.

"छान," मी म्हणालो. "एकदम छान. प्रश्नच मिटला."

गाणं थांबलं. मी भिंतीकडेच पाहत राहिलो. मग उजवीकडे पाहिलं तर डेसिबलच्या हातातला रिमोट तसाच राहिलेला, आणि त्याचा चेहरा उतरलेला. तो माझ्या पलीकडे पाहत होता. मी डावीकडे वळलो. बायको माझ्या कानाशी वाकलेली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणालीस?"

ती सरळ झाली, सोफ्याला वळसा घालून उजवीकडे आली. "तिसऱ्यांदा म्हणतेय," ती म्हणाली. "चपला घाला. कोणाचा दवाखाना उघडा असेल ते मी बघते."

कानाच्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं, चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कपाळावर टेकवला. "मळ नाही. आतली नस आहे," ते म्हणाले. "केव्हापासून?"

"नवे स्पीकर यायच्या आधीपासून," मी म्हणालो.

"म्हणजे केव्हा?"

बायकोने सांगितलं. तिने मनात सगळं धरून ठेवलं होतं: मी पहिल्यांदा उत्तर दिलं नाही तो दिवस. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"असं अचानक झालं की पळत यायचं असतं. सुरुवातीच्या दिवसांत औषध चांगलं लागू पडतं. तुम्ही काय करत होतात?"

"घरातलं सामान बदलत होते हे," बायको म्हणाली.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फार उरलीही नाही. गोळ्या देतो, कानात इंजेक्शनही देऊ. नंतर पुन्हा तपासू. त्यात फरक पडलेला दिसला तर पुढे आशा आहे."

"आणि नाही दिसला तर?"

त्यांनी माझ्या धंद्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग ते औषधं लिहू लागले, जरा जास्तच बारकाईने.

गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप उडाली. इंजेक्शनच्या वेळी खोली गरागरा फिरली. ऑफिसात मी ताप आल्याचं कळवलं. डावीकडे मात्र आता शांतताही नव्हती. एक बारीक शिट्टी सतत वाजत होती, आणि तिच्या मागे काही आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

पुन्हा तपासणीचा दिवस आला. भिंतींना स्पंज लावलेली, कपाटाएवढी खोली. जाड दार, छोटी काच. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई, त्यांच्या मागे बाकावर बायको, पर्स दोन्ही हातांनी धरून. माझ्या हातात एक बटण. ऐकू आलं की दाबायचं, एवढंच.

उजवा कान झाला. तो काम करत होता, बिचारा, दोघांचं.

"आता डावा," बाईंचा आवाज आला.

काहीच नाही. शिट्टी. माझं स्वतःचं हृदय. बायको बाकावर पुढे सरकून बसलेली. मी कान इतका ताणला की मान आखडली. मग, शिट्टीच्या आत कुठेतरी, काहीतरी हललं. मी बटण दाबलं. काहीच नव्हतं, तरी पुन्हा दाबलं. मग दाबतच सुटलो.

बाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. उजव्या कानात त्यांचा आवाज आला, रागाचा नव्हे, सवयीचा.

"काका, मी अजून काही वाजवलेलंच नाही."

मला लाज वाटली नाही. तेवढी जागाच शिल्लक नव्हती. मी बोट बटणावरून उचललं आणि गुडघ्यावर ठेवलं. बायकोकडे पाहायचं नाही असं ठरवलं, कारण तिच्या चेहऱ्यावरून मी अंदाज घेतला असता. हल्ली मी तेवढ्यावरच जगत होतो. डोळे मिटले. आत अंधार, शिट्टी, आणि ती शिट्टी नसलेलं बाकीचं सगळं.

बराच वेळ गेला. मग एक आवाज आला. खोल, जाड, विहिरीच्या तळाशी कोणीतरी हंडा टेकवावा तसा. शिट्टीहून वेगळा. तो थांबला, आणि थांबल्याचंही कळलं.

मी बटण दाबलं. एकदाच. डोळे उघडले नाहीत.

"हा होता," बाई म्हणाल्या. "आता पुढचा याहून बारीक येईल."

मी बोट पुन्हा गुडघ्यावर ठेवलं.