रुचिताची पहिली गोळी

हवालदार इश्वर हटवार पोलिसांना पिस्तूल चालवायला शिकवता शिकवता निवृत्तीला आले होते, पण चांदमारीवर, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, त्यांच्या हाताखाली कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. लाल झेंडा चढल्याशिवाय आणि टेकडीमागची गुरं-माणसं हटल्याशिवाय ते गोळ्यांची पेटी उघडू देत नसत. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे, बोट ट्रिगरबाहेर, हे त्यांचं बोलणं पोरंपोरी झोपेतही बरळत.

नव्या तुकडीत वरठी गावची रुचिता रामटेके होती. तिचं नाव ऐकताच इश्वरांनी हातातली यादी पुन्हा एकदा वाचली. तिचा भाऊ सुगत त्यांचाच शिष्य. गेल्या साली ड्यूटीवरच्या पिस्तुलानं त्यानं स्वतःचा जीव घेतला होता. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर ती पोलिसात लागली होती.

"भर!" इश्वर ओरडले. रांगेतल्या सगळ्यांनी मॅगझिन चढवल्या.

"फायर!"

बाकीची पिस्तुलं कडाडली. रुचिताचं गप्पच. तिची नळी हळूहळू खाली, तिच्याच पायांकडे झुकत चालली होती.

"फायर रोक!"

रांग जागच्या जागी थिजली. इश्वरांनी मागून जाऊन तिचं मनगट धरलं, नळी समोर केली, मॅगझिन काढली, चेंबरमधली गोळी बाहेर पाडली. मगच त्यांनी श्वास सोडला.

सगळ्यांची पिस्तुलं रिकामी झाल्यावर त्यांनी तिला कडुलिंबाखाली बसवलं.

"काय झालं, पोरी?"

"उस्ताद, त्याच्या हातात असंच होतं ना?"

"हो. असंच."

"मी साहेबाले सांगतो," तिचं पिस्तूल आपल्या कमरेला खोचत इश्वर म्हणाले. "तुले वायरलेसवर टाकतीन. याले हात लावाचं काम नाही."

"नको, उस्ताद. तशी आई तर रोज विचारते, पिस्तूल हातात घेतलं का म्हणून. नाही म्हटलं का मगच जेवते."

"मंग कायले जिद करून राहिली?"

"मले याचं भेव वाटते. जन्मभर भेऊन कसं राहू?" तिनं मान वर केली. "तुमीच शिकवलं होतं ना त्याले? मंग त्यानं असं काहून केलं?"

सुगत त्याच्या तुकडीतला सर्वांत सावध पोरगा होता. दुसऱ्याचा जीव कसा राखायचा ते सारं इश्वरांनी त्याला शिकवलं होतं. त्याच्या स्वतःच्या जिवाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी तिला गोळी दिली नाही. आठवडाभर रिकाम्या पिस्तुलावर हात बसवून घेतला. मग एका सकाळी रांगेत तिला एकटीलाच उभं केलं, मॅगझिनमध्ये एकच गोळी घातली आणि स्वतः तिच्या खांद्याशी उभे राहिले. गोळी टार्गेटची कड फाडून मातीत घुसली. रुचितानं पिस्तूल रिकामं करून दाखवलं, खाली ठेवलं, आणि तिथंच मटकन बसून हमसून हमसून रडली.

ती पास झाली. "हिले हत्यार घेऊन एकटीले ठेवू नका, साहेब," इश्वरांनी अधिकाऱ्याला विनवलं.

"माणसं कुठं आहेत, हटवार?" अधिकारी कंटाळून म्हणाले.

पुढच्याच महिन्यात एका सरकारी इमारतीच्या पहाऱ्यावर रुचिता एकटी उभी राहिली, कमरेला पिस्तूल लावून. कारधा या आपल्या गावी घरी जाताना इश्वर रोज वाट वाकडी करून तिथं थांबू लागले.

"बरं आहे ना, पोरी?"

"बरं आहे, उस्ताद."

सुगतही असंच म्हणायचा. इश्वर गाडी बंद करत, आणि आणखी थोडा वेळ तिच्याशी काहीबाही बोलत उभे राहत.