तिसऱ्या मजल्यावरचं दार

अकरा दिवस झाले, सात मजली इमारतीतली ती लिफ्ट मिस्त्रींना खेळवत होती. तक्रार रोजची आणि ठरलेली. दुपारी चारनंतर तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार मिटत नाही. मिटायला निघतं, अर्ध्यावर येतं, काहीतरी विसरल्यासारखं परत उघडतं. अर्धा-पाऊण तास हा प्रकार चालतो आणि मग आपोआप थांबतो. मिस्त्री समोर उभे राहिले, की मात्र दार पहिल्या बाकावरच्या पोरासारखं वागायचं.

मिस्त्रींनी मोटर तपासली, पट्टा बदलला, दाराच्या कडेचे डोळे दोनदा पुसले. हे डोळे म्हणजे साधी युक्ती. एका कडेतून न दिसणारे किरण सुटतात, दुसऱ्या कडेतले डोळे ते टिपतात. मध्ये कोणी आलं की किरण तुटतात आणि दार उघडतं. सगळं ठीकठाक होतं. इमारतीतले लोक जिना उतरता उतरता म्हणायचे, "तुम्ही आलात की लाजते हो ती." घरी बायको म्हणायची, "अकरा दिवस एका दारासमोर उभे आहात. लग्नाआधी माझ्या बाबांच्या दारात एकदा तरी एवढा वेळ थांबला होतात का?"

आज मात्र थट्टा संपली होती. सोसायटीच्या सचिवांनी सांगून टाकलं होतं, "पाच वाजेपर्यंत वहीत कारण लिहा. नाहीतर उद्यापासून दुसरी कंपनी." आणि कंपनीतल्या साहेबांनीही ऐकवलं होतं, की हे काम गेलं तर मिस्त्रींची रवानगी गोदामात, खोकी रचायला. बावीस वर्षं ज्याने फक्त बिघाड शोधले, त्याला खोकी रचायला बसवणं म्हणजे मांजराला भाजी निवडायला बसवण्यासारखंच.

म्हणून मिस्त्री साडेतीनपासून तिसऱ्या मजल्यावर ठाण मांडून होते. 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली होती. दार आपोआप उघडत-मिटत राहील अशी सोय केली होती. जिन्याच्या खिडकीला पाठ लावून ते उभे होते, कारण तिथून दाराच्या कडेचे डोळे नीट दिसत. दर खेपेला खिशातल्या डायरीत एक रेघ. दोनशे सतरा रेघा झाल्या, दार दोनशे सतरा वेळा मुकाट्यानं मिटलं.

चार वाजून सहा मिनिटांनी जिन्यावरून धापा टाकण्याचा आवाज आला. मागोमाग एक अनोळखी बाई वर आल्या. हातात लाकडी पेटी, पेटीत शिलाई मशीन. पेटी खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या.

"सहावा मजला अजून किती लांब आहे?"

"तीन मजले, मावशी."

"ते मलाही मोजता येतं. माझ्या गुडघ्यांना किती लांब आहे ते विचारतेय. तुमच्या लिफ्टनं सोडा की."

"मध्येच अडकली तर? आत तुम्ही, बाहेर मी."

"अडकते कधी?"

"मी बघत नसलो की."

"मग चांगली आहे की! माझा नवराही असाच होता."

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. तक्रारीची नेमकी वेळ. आत्ता हललो आणि नेमकं आत्ताच दार अडलं, तर अकरा दिवस पाण्यात. त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग मावशींच्या गुडघ्यांकडे. मावशी दोन्ही हातांनी ते चोळत होत्या, आणि मिस्त्रींकडे मुळीच बघत नव्हत्या. पेटी उचला म्हणाल्या असत्या, तर कदाचित नाही म्हणता आलं असतं.

"द्या इकडे," असं म्हणून त्यांनी पेटी उचलली. "कुठल्या घरी?"

"उजवीकडचं. भाचीचं. आदळू नका हां, माझ्यापेक्षा ती नाजूक आहे."

पेटी ठेवून मिस्त्री पाचव्या मजल्यापर्यंत उतरले, तोच खालून हाक आली. "अहो लिफ्टवाले! तुमचं दार बिथरलं!"

ते दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आले, आपल्या जागी, खिडकीला पाठ करून उभे राहिले. दार शांतपणे मिटलं.

"मावशी, ही थट्टेची वेळ नाही."

"थट्टा कसली? सात वेळा मागे गेलं. मी मोजलंय. जरा बाजूला व्हा बरं."

मिस्त्री बाजूला झाले. दार उघडलं, मिटायला निघालं, अर्ध्यावरून परत फिरलं. मिस्त्री जागेवर आले. दार मिटलं. बाजूला झाले. अडलं. तिसऱ्यांदा जागेवर आल्यावर मात्र ते दाराकडे न बघता स्वतःच्या सावलीकडे बघू लागले. सावली थेट दाराच्या कडेवर पडली होती.

"ऊन तोंडावर आलं की मला सुईत दोरा ओवता येत नाही," मावशी म्हणाल्या. "समोर सुई आहे की नाही तेच कळत नाही. याचंही तसलंच काही असेल."

मिस्त्रींनी खिडकीला पुठ्ठा लावला आणि तिथून दूर झाले. दार मिटलं. पुठ्ठा काढला. अडलं. दहा वेळा हेच केलं, कारण तीन वेळा जमलेल्या गोष्टीवर ते विश्वास ठेवत नसत. उन्हानं डोळे दिपत होते, समोरचे किरण टिपता येत नव्हते, आणि मध्ये कोणीतरी उभं आहे असं समजून दार उघडत होतं. आणि अकरा दिवस, ते ऊन आपल्याच पाठीनं अडवून, मिस्त्री बिघाडाची वाट बघत उभे होते! त्यांना हसू आवरेना. मावशीही हसल्या, गुडघे धरून.

साडेचारलाच सचिव वही घेऊन आले. त्यांनी पुठ्ठ्याचा प्रयोग स्वतः चार वेळा करून पाहिला आणि विचारलं, "पण मागच्या वर्षी हे कसं होत नव्हतं?"

"मागच्या वर्षी या खिडकीला दुधी काच होती. ही पारदर्शक गेल्या महिन्यात बसवलीय."

सचिवांचा चेहरा पडला. "ती मीच निवडली. जिन्यात उजेड यावा म्हणून."

"उजेड आला की," पायरीवरून मावशी म्हणाल्या.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कारणाच्या रकान्यात काय लिहिणार आहात?"

मिस्त्रींनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं: 'चार ते पावणेपाच या वेळेत दारावर थेट ऊन. उपाय: खिडकीला जाड पडदा. शोध लागण्यास अकरा दिवस लागले, कारण तपासणारा स्वतः उन्हाच्या आड उभा होता.'

सचिवांनी ते दोनदा वाचलं. काचेचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांनी खाली सही केली, आणि त्याखाली सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'काम समाधानकारक. पुढील वर्षीही हीच कंपनी, हेच मिस्त्री.'