सूर्यमाळची जनता

जव्हारच्या बाजारपेठेतल्या युसुफ घड्याळजींची झरीना मुंबईला जाऊन आधी इलेक्ट्रॉनिक्स शिकली, मग कायदा, आणि पेटंट एजंट झाली. हे काम म्हणजे काय ते गावात कुणाला कळत नसे. "कुणी नवं यंत्र काढलं की ते त्याचंच, असं सरकारकडून लिहून घ्यायचं," ती आईला सांगे.

"आणि ते नवं नसलं तर?" हलीमाबी विचारी.

"मग मिळत नाही, अम्मी."

सुरुवातीला अशील तिलाच चहा सांगायला लावत. पुढे स्टॅबिलायझर असो की टीव्हीचा सुटा भाग, मसुदा झरीनाबाईंनीच लिहावा असा त्यांचा हट्ट असे. तरी सही ती ज्यांच्या ऑफिसात नोकरीला होती त्या थोरल्या वकीलसाहेबांची. ते ती गिळत आली होती.

१९८६ साली देवजीभाई नावाचे कारखानदार एक इलेक्ट्रॉनिक पेटी घेऊन आले. विहिरीचं पाणी तळाला गेलं की पेटी पंप आपोआप बंद करी, आणि पाणी वर आलं की पुन्हा चालू. अर्जापूर्वी ती कुठेही लोकांच्या वापरात नव्हती ना, असं झरीनाने विचारलं. "बिलकूल नाही," देवजीभाई म्हणाले.

ईदला ती घरी आली. चुलतभाऊ सादिक वायरमन होता, तो डोंगरातल्या सूर्यमाळच्या आदिवासी पाड्यावर पंपाच्या कामाला निघाला होता. तीही सहज सोबत गेली. विहिरीच्या काठी खांबावर तीच पेटी होती, वर देवजीभाईंच्या कारखान्याचं नाव.

पाण्याला आलेल्या, पाड्यावरच्या गोदी नावाच्या बाईला तिने विचारलं, "ही कधी बसवली?"

"दोन उनाळे झालं, बाय. पानी सरला का पंप आपला आपून बंद होतो. सगळ्या पाड्याला ठावं हाय."

मुंबईला परतताच झरीनाने देवजीभाईंना सांगितलं, "चाचणीसाठीचा उघड वापर कायदा एक वर्षापर्यंतच माफ करतो. तुमची पेटी दोन उन्हाळे उघड्यावर चालतेय. हा अर्ज मी करणार नाही."

"पण पाहिलं कोणी?" देवजीभाई हसले. "जंगलातल्या आदिवासींनी. त्यांना काय जनतेत धरायचं?"

झरीनाने वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"मीही त्याच डोंगरातली आहे," ती म्हणाली. "मला धरता की नाही?"

"तुम्ही शिकलेल्या. तुमची गोष्ट वेगळी."

त्या 'वेगळी'ने तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने फाइल त्यांच्यापुढे सरकवली आणि उठली. देवजीभाईंनी दुसरा एजंट गाठला. वर माणसं पाठवून सूर्यमाळची पेटी उतरवून नेली, म्हणजे पुरावाच नको. भर उन्हाळ्यात पंप कोरडा फिरत राहिला आणि मोटर जळाली. सादिकने फोनवर सांगितलं, "गोदी आणि सगळ्या बाया आता खालच्या झऱ्यावर जातात."

झरीना कारखान्यावर गेली. "पेटी परत बसवा. पेटंटचं काय व्हायचं ते होवो."

"माझी वस्तू आहे," देवजीभाई म्हणाले. "आणि लक्षात ठेवा, माझं गुपित बाहेर फोडायचा तुम्हाला अधिकार नाही."

खरंच नव्हता. अशिलाच्या कामाबद्दल जे कळेल ते बाहेर उघड करायचं नाही, हा धंद्याचा नियम तिने कधी मोडला नव्हता. गप्प राहावं लागलं, म्हणून संताप दुप्पट झाला. ती नोकरी सोडून तिने स्वतःचं ऑफिस थाटलं.

पण बोलणारं तोंड तिचं एकटीचंच नव्हतं. एका प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रेता सूर्यमाळजवळच्या मोखाड्याच्या बाजूला फिरत असे. त्याने सूर्यमाळची पेटी चालताना पाहिली होती. त्या कंपनीने अर्जाला विरोध केला आणि गोदीचं प्रतिज्ञापत्र घेतलं. पेटंट कार्यालयातल्या अधिकाऱ्याने पेटंट नाकारलं. निकालात एक वाक्य होतं: सूर्यमाळचे रहिवासी हे कायद्याच्या अर्थाने जनताच होत.

वकीलसाहेबांनी फोन केला. "अभिनंदन. तुझंच खरं ठरलं."

"यात अभिनंदन कसलं, साहेब? ती माणसं जनता आहेत, हे एका अधिकाऱ्याला कागदावर लिहून द्यावं लागलं. आणि तुम्ही तेव्हा पंख्याकडे बघत होता."

 तिने फोन ठेवला आणि सादिकला कळवलं की ती शनिवारी येतेय, सूर्यमाळच्या मोटरीचं काय करता येईल ते बघायला.