एक बोट पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. नदीत उभे राहायचे आणि पाणी किती आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते, नाही का? पण माझ्याइतके मोठे खोटे आमच्या गावात कोणी बोलले नसेल, आणि तेही सलग सात वर्षे. ते कसे घडले आणि त्यानंतर मी काय पाहिले, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जन्माने मी दाराची चौकट. ग्रंथालयाचे जुने दार काढले, तेव्हा चौकटीचे एक उभे लाकूड सुतारकाकांनी मागून घेतले. त्यांनी मला तासले, रंधा मारला आणि तापलेल्या सळईने माझ्या अंगावर शंभर रेघा ओढल्या. एका रेघेपासून दुसरीपर्यंत बरोबर एक बोट अंतर. कोणाचे बोट? तर काकांचे स्वतःचे, मधले. दर दहा रेघांनंतर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडा घातला. मग मला हातभर लांब धरून एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "जमली." त्या एका शब्दावर मी आजही खूश आहे.

हा सारा खटाटोप नदीसाठी होता. आमच्या गावात नदी आणि तिच्या काठची जमीन राखणारे एक मंडळ आहे. त्याच्या कार्यकारिणीत सात जण. अध्यक्ष म्हणजे निवृत्त नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात आणि थोडे घाबरतातही. चिटणीस घड्याळजी. सभासदांत सुतारकाका, एक बसचालक, एक दातांचे डॉक्टर आणि दोघी शिक्षिका बहिणी. यांना पगार नाही, गाडी नाही, खुर्च्यासुद्धा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतल्या उसन्या. वर घरच्यांची बोलणी आहेतच. तरीही महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातही जण हजर!

त्यांची एक पद्धत होती. सभेआधी कोणीतरी मला घेऊन पुलाखाली उतरायचे, तिथल्या सपाट दगडावर मला उभी करायचे आणि आकडा वाचायचे. मग ओल्या अंगाने मला आणून टेबलावर मधोमध आडवी ठेवायचे. मी ओली टेबलावर आले, की सभा सुरू. काठी कोरडी असेल तर सिस्टर तोंड उघडू देत नसत. "आधी नदीला विचारून या," म्हणायच्या. इतिवृत्ताच्या वहीची सगळी पाने माझ्या पाण्याने फुगलेली आहेत.

त्या सभा ऐकताना मी थक्क होऊन जाई. एकदा नदीत एक झाड आडवे पडले. ते काढावे की राहू द्यावे, यावर ही माणसे पावणेदोन तास भांडली. झाडाच्या सावलीत माशांची पिल्ले वाढतात, असे धाकट्या शिक्षिका बाईंचे म्हणणे. पुरात ते पुलाला अडेल, असे बसचालकांचे म्हणणे. आवाज चढले, चहा गार झाला. शेवटी झाड दोराने काठाला बांधून तिथेच ठेवायचे ठरले. स्वतःच्या घराच्या भिंतीसाठीही माणसे इतकी भांडत नसतील. आणि ही मंडळी भांडत होती कोणासाठी? तर ज्यांना मत नाही, आवाज नाही, अशा बोटभर माशांसाठी. मला वाटे, आपण कोणत्या टेबलावर येऊन पडलो आहोत!

चार वर्षे अशी गेली. उन्हाळ्यातले सर्वांत कमी पाणी मी दरवर्षी इमानाने सांगितले: एकवीस बोटे, एकवीस, वीस, एकवीस. पण पुन्हा पुन्हा भिजून आणि ओलीच कोपऱ्यात उभी राहून माझा पाय कुजू लागला.

आता काकांची खोड सांगते. त्यांना काही मोडलेले दिसले, की ते गुपचूप दुरुस्त करून मोकळे होत. खोलीतल्या डुगडुगत्या खुर्च्या, खिडकीची कडी, सूचनाफलक, सगळे त्यांनी केले आणि चकार शब्द काढला नाही. खरे तर त्या मंडळाचीच ती रीत. ज्याला दिसेल त्याने करावे आणि बोलून दाखवू नये. माझा पाय पाहून काका हळहळले. नवी काठी करणे सोपे होते, पण त्यांचा माझ्यावर जीव. त्यांनी मला घरी नेले, कुजलेला भाग कापून टाकला, तळाला पत्र्याची टोपी ठोकली आणि दुसऱ्या दिवशी मला मुकाट्याने जागेवर आणून ठेवले. सहा बोटे लाकूड गेले. मला हायसे वाटले, त्यांनाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या अंगावर पाणी सत्तावीस रेघांना लागले.

काय तो आनंद! त्याच वर्षी मंडळाने वरच्या ओढ्याच्या तोंडाशी साचलेला राडारोडा हातांनी उपसून काढला होता. त्याचेच हे फळ, असे सर्वांना वाटले. घड्याळजींनी आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. सिस्टरनी डोळे पुसले आणि डोळ्यांत काहीतरी गेले असे सांगितले. दर उन्हाळ्यात आकडा टिकला, शेवटी अठ्ठावीसवर गेला. खोलीच्या भिंतीवर फलक लागला: 'अकरा वर्षांत नदी सात बोटे वर'. माझे फोटो निघाले. शाळेतल्या मुलांनी माझी चित्रे काढली. मीही फुगले, मित्रांनो. लाकूड पाण्याने फुगते, मी कौतुकाने फुगले.

त्या फलकाची बातमी कुरणवाल्या आजींपर्यंत पोचली. नदीच्या वळणावरचे मोठे कुरण त्यांचे. पूर आला की नदी तिथे पसरते, विसावते आणि गाव वाचते. तिथे सिमेंटच्या विटांचा कारखाना काढायचा, म्हणून त्यांचा पुतण्या मागे लागला होता. कुरण कायमचे मंडळाच्या हाती सोपवा, असे सिस्टर त्यांना किती वर्षे विनवत होत्या. आजींचे एकच उत्तर असे: "सभा सगळेच घेतात गं. नदीला काही फरक पडला तर सांग." आता फरक दिसत होता. आजी दानपत्रावर सही करायला तयार झाल्या. रविवार ठरला.

आदल्या दिवशी घड्याळजींनी मला दुकानात नेले. एवढ्या मोठ्या प्रसंगी माझे आकडे पुसट नकोत, म्हणून ते रंगवायला बसले. घड्याळजींचा हात तो, अंदाजे काही करणार नाही. त्यांनी माझ्याशेजारी पोलादी पट्टी ठेवली, डोळ्याला भिंग लावले, तळापासून मोजू लागले. दहाचा आकडा चौथ्या बोटावरच आला. त्यांनी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. मग भिंग काढून ठेवले आणि काकांना बोलावून घेतले.

"ही कापलीय का कोणी?"

"मी कापली," काका सहज म्हणाले. "पाय कुजला होता तिचा."

"कधी?"

"झाली असतील सात वर्षं. का?"

"आणि सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? सहा बोटं लाकूड तर..."

बोलता बोलता काकांची नजर पोलादी पट्टीवर गेली. ज्या माणसाचे सारे आयुष्य मापात गेले, त्याला बाकीचे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या तर पायाखालची नदीच सरकली. सात वर्षे मी दरवेळी सहा बोटे जास्त सांगत आले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळीच सातही जण मागच्या खोलीत जमले. मी टेबलावर कोरडीच होते. कोणी काही बोलणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "काठी कोरडी आहे." काका उठले. मला घेऊन पुलाच्या पायऱ्या उतरले, दगडावर उभी केली आणि कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून उभे राहिले.

परत आल्यावर बसचालक कळवळून म्हणाले, "मी वाईट ठरलो तरी चालेल, पण उद्या सही होऊ द्या. मग सांगू. कुरण गेलं ना, तर पुढच्या पुरात अर्धं गाव पाण्यात जाईल. सहा बोटांपायी?"

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"चूक माझी," काका म्हणाले. "आजींना मी सांगतो. आणि माझा राजीनामा लिहून घ्या."

"फुकटच्या कामाचा राजीनामा कधी कोणी घेतलाय?" सिस्टर कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू कापलीस हे खरं. पण सात वर्षं आम्ही सहा जण तिच्याकडे बघत होतो. आम्हाला आकडा आवडला, म्हणून आम्ही पाय बघितला नाही. ज्या आजींनी आपला शब्द मानला, त्यांनाच फसवून नदी वाचवायची असेल तर मला नाही जमणार. ज्यांना सांगायला यायचंय त्यांनी हात वर करा."

सहा हात वर झाले. सातवा बसचालकांचा. तो जरा उशिरा वर झाला, पण झाला. मित्रांनो, पूर पाहिला, वीज पडताना पाहिली, पण त्या हातांइतके मोठे मी दुसरे काही पाहिलेले नाही. आपल्या आवडीची गोष्ट हातची जाणार हे माहीत असूनही ती माणसे उठली आणि चपला घालू लागली.

आजी अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. काकांनी मला त्यांच्यापुढे आडवी ठेवली आणि सगळे सांगितले, एक अक्षर न लपवता. "सात बोटं नाही, आजी. सातातून सहा गेली. एकच बोट."

आजींनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "मला नदीवर न्या," एवढेच म्हणाल्या.

वय पंच्याऐंशीचे. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलले आणि पुलाखाली उतरवले. ऊन कलले होते, पाणी गुळगुळीत वाहत होते. आजींनी पदर खोचला, सिस्टरचा हात धरून त्या पाण्यात उतरल्या आणि मला स्वतः दगडावर टेकवले. त्यांची पकड अजून घट्ट होती. पाणी अठ्ठाविसाव्या रेघेला लागले.

"यातून सहा गेले की?"

"बावीस," घड्याळजी म्हणाले.

"आणि पहिल्या वर्षी?"

"एकवीस."

"तुझंच बोट ना रे माप? लाव इथं."

काकांनी मधले बोट माझ्यावर आडवे धरले, सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या रेघांच्या मध्ये, म्हणजे खऱ्या एकवीस आणि बावीसच्या मध्ये. आजी वाकून त्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता संपले सगळे.

"माझ्या सासूबाई सांगायच्या," आजी हळू आवाजात म्हणाल्या, "या दगडावर उभं राहिलं की त्यांना उन्हाळ्यातसुद्धा पाणी कमरेला लागायचं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मांडीला होतं. थोरली जन्मली तेव्हा गुडघ्याच्या वर. आणि मग खालीच. इतक्या वर्षांत या नदीला मी फक्त उतरताना पाहिलंय रे. चढताना एकदाही नाही." त्यांनी काकांचे बोट आपल्या मुठीत धरले. "आणि तुम्ही एवढं पाणी वर आणलंत, आणि माझ्यापुढं माना खाली घालून उभे राहता?"

सिस्टरच्या डोळ्यांत पुन्हा काहीतरी गेले.

दुसऱ्या दिवशी सही झाली. पण आधी आजींनी दानपत्रात दानाचे कारण म्हणून लिहिलेले 'सात बोटे' खोडायला लावून त्या जागी 'एक बोट' लिहून घेतले. भिंतीवरचा फलकही बदलला. कुरणात आजही नदी पसरते आणि लव्हाळ्यांत पाखरे अंडी घालतात.

आता पुलाखाली पक्की लोखंडी मोजपट्टी बसवली आहे. मी खोलीच्या कोपऱ्यात असते. माझ्या तळाजवळ काकांनी तांब्याचा खिळा ठोकून वर कोरले आहे: 'येथे सहा बोटे कापली.' ती माझी खूण मला सर्वांत प्रिय आहे. सभेआधी मात्र अजूनही कोणीतरी मला न्यायला येते, कारण कोरड्या टेबलावर सभा होत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना दुरुस्त करा, लगेच टाकून देऊ नका. पण दुरुस्त केलेत की चार माणसांना सांगा. आणि आकडा फार गोड वाटला, तर एकदा काठीचा पाय पाहा.

गेल्या उन्हाळ्यात मी दगडावर उभी राहिले, तेव्हा पाणी तिसाव्या रेघेला लागले. काकांनी ते दोनदा पाहिले, वर येऊन वही उघडली आणि स्वतःच्या हाताने लिहिले: चोवीस.