डावीकडची सीट

मी झेड बोलतेय. पूर्ण नाव फेअरलेडी झेड, पण एवढ्या लांबलचक नावाने मला कुणी हाक मारत नाही. रंग नारिंगी, नाक लांब, पाठ उतरती आणि बसायला सीट दोनच. बाईचं वय विचारू नये म्हणतात. माझ्या बाबतीत उलटं आहे. कुठे उभी राहिले की अनोळखी माणसंही आधी माझं वय विचारतात, आणि उत्तर ऐकलं की दोन पावलं मागे सरून मला नीट न्याहाळतात. म्हातारपणाचा एवढा मान माणसांनासुद्धा मिळत नाही.

माझ्या बरोबरीच्या कितीतरी बहिणी जन्मल्या जन्मल्या जहाजात बसून अमेरिकेला गेल्या. त्यांना इंजिन मोठं मिळालं, इथे जपानात राहिलेल्या आम्हा बहुतेकींना लहान. त्यावरून आमची रविवारची मंडळी अजून वाद घालतात. मला विचाराल तर सासर मोठं मिळालं म्हणून मुलगी सुखी होतेच असं नाही.

माझे पहिले मालक ओदावारा शहरातले दातांचे डॉक्टर. दुसऱ्यांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा हा माणूस घाटाचं वळण दिसलं की घाबरायचा. ते केस कापायला मानाझुरू गावातल्या एका केशकर्तनालयात येत, आणि मला दारासमोर उभी करत. आत कुरामोची नावाचा तरुण कारागीर होता. त्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते समोरच्या आरशात, डॉक्टरांच्या डोक्यावरून. त्या दिवशी डॉक्टरांच्या एका कानावरचे केस जरा जास्तच कापले गेले म्हणतात. पुढे डॉक्टरांना तिसरं मूल झालं, दोन सीटमध्ये संसार मावेना, आणि मी कुरामोचींकडे आले. आता ते दुकानाचे मालक आहेत आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं.

मास्तरांचा माझ्या आरशांवर भारी जीव. हल्लीच्या गाड्यांचे आरसे दाराला कानासारखे चिकटलेले असतात. माझे तसे नाहीत. ते पार पुढे, चाकांच्या वर, दांड्यांवर उभे आहेत. मान न वळवता, समोर बघता बघता मागचं सगळं दिसतं. मास्तर म्हणत, "न्हाव्याने जग आरशातच बघायचं असतं."

स्वतःचं लग्न ठरवायला मास्तर मलाच घेऊन गेले. मुलीचं नाव योशिनो. पहिल्याच फेरीत तिच्या किमोनोची बाही माझ्या दारात अडकली आणि टर्रकन फाटली. मास्तर खाली उतरून धावत आले आणि आधी माझं दार तपासलं, मग बाही. योशिनोबाईंनी त्याच दिवशी ओळखलं की या घरात आपल्याआधी कुणीतरी नांदतंय. तेव्हापासून त्या मला सवत म्हणतात. पण सवतीशेजारची डावीकडची सीट त्यांनी कधी सोडली नाही. घाट उतरताना दर वेळी त्या म्हणत, "अहो, समुद्र बघा." आणि मास्तर दर वेळी म्हणत, "रस्त्यावर लक्ष आहे माझं."

रविवारी सकाळी आम्ही घाटमाथ्यावरच्या पार्किंगमध्ये जातो. तिथे माझ्या घराण्याचे भक्त जमतात. मशीनमधून गरम कॉफीचे डबे काढायचे, हात शेकायचे आणि भांडायचं, हा त्यांचा रविवारचा देवधर्म.

मिनागावा हे निवृत्त शिक्षक, मूळ रूपाचे कट्टर भक्त. गुडघे टेकून माझे स्क्रूसुद्धा तपासतात आणि एखादा नवा दिसला की घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करतात. ओगाता टाइल्स बसवतात. त्यांच्या झेडमध्ये झेडचं म्हणावं असं छप्पर तेवढं उरलंय, बाकी इंजिन, चाकं, सीट सगळं बदललेलं. त्यांचं म्हणणं असं की खरी झेड ही नव्वदच्या दशकातली, रुंद बसकी, टर्बोवाली. "पहिली दिसायला छान, पण पळायचं काय?" असं ते माझ्यासमोर म्हणतात. मी गप्प बसते. धाकट्या बहिणींचं कौतुक ऐकायची थोरलीला सवय असते.

आणि तिसरे हिरुकावा. त्यांच्याकडे तरुणपणी माझ्यासारखीच एक होती, पांढरी. मुलगी झाल्यावर त्यांनी ती विकली. मुलगी आता स्वतः आई झाली, तरी हे अजून दर रविवारी घरच्या मोठ्या व्हॅनमधून येतात, आणि पांढरीच्या आठवणी सांगतात. थंडीत चोक किती ओढायचा, पाऊस पडला की कुठल्या कोपऱ्यातून पाणी यायचं, पहिल्यांदा घाटात पाचवा गिअर टाकला तेव्हा शेजारी कोण बसलं होतं. येताना सगळ्यांसाठी शेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके आणतात. ओगाता म्हणतात, "हिरुकावासान, गाडी विकलीत ती विकलीत, आम्हाला खाऊ घालून पाप फेडताय होय?" हिरुकावा हसतात आणि आणखी एक मुटका पुढे करतात.

असं सगळं छान चाललं होतं. मग गेल्या वर्षी, मंदारिन संत्र्यांच्या काढणीच्या दिवसांत, मास्तरांनी मला मागे घेताना दुकानासमोरचा खांब ठोकला. न्हाव्याच्या दुकानाची खूण म्हणून लावतात तो लाल-पांढरा-निळा फिरता खांब, जो ते रोज सकाळी स्वतः पुसतात. मला बारीकसा पोचा आला, खांब वाकडा झाला पण फिरायचा थांबला नाही. कुणाला काही लागलं नाही. मास्तर मात्र खाली उतरून बराच वेळ तिथेच उभे राहिले. माझे आरसे कितीही चांगले असले तरी मागे घेताना मान वळवावीच लागते, आणि त्यांची मान आता वळत नाही.

"खांबाच्या जागी शाळेचं पोर असतं तर?" एवढंच ते योशिनोबाईंना म्हणाले. पुढच्या वाढदिवसाच्या आत लायसन आपणहून पोलिसांकडे परत करायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. आमच्याकडे पुष्कळ म्हातारी माणसं असं करतात, आणि लोक त्यांना शहाणं म्हणतात. शहाणं म्हणवून घेताना मनात काय होतं, ते कुणी विचारत नाही. आता प्रश्न माझा होता. मुलगा साप्पोरोला असतो. त्याला गाडी म्हणजे चाकं लावलेला डबा. योशिनोबाईंचं लायसन फक्त ऑटोमॅटिक गाडीचं आणि मी क्लच-गिअरची, त्यामुळे कायद्याने त्या मला हात लावू शकत नव्हत्या. मग मी जायचं कुणाकडे?

पुढच्या रविवारी मास्तरांनी कॉफीचा डबा खाली ठेवला आणि घसा खाकरला. त्यांनी लायसनचं सांगितलं. मग म्हणाले, "झेडला घर हवंय. तुमच्यापैकी कुणी नेईल का?"

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा मात्र, तुमचा आग्रहच आहे तर, असं म्हणून दोन्ही हातांनी घ्यायचं. साधा चहासुद्धा असाच घेतात. मग आख्खी झेड कुणी पहिल्या झटक्यात कशी घेणार?

मिनागावा म्हणाले, छे छे, माझी काय पात्रता. ओगाता म्हणाले, माझ्या हाती पडली तर बिचारीच्या पोटात काही उरायचं नाही. हिरुकावा तर पार लाल झाले आणि म्हणाले, ज्याला एक सांभाळता आली नाही त्याला दुसरी कशाला. तिघांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभे राहिले.

मास्तरांना ही रीत काय ठाऊक नव्हती? जन्मभर पाळली होती. पण काळजाचा तुकडा देऊ करताना माणसात एकदाच विचारण्याचं बळ असतं. "बरं, मग राहू दे," ते म्हणाले आणि विषय टायरांवर गेला. परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओही लावला नाही. माझी कुणालाच गरज नाही, असं त्या भल्या माणसाला खरंच वाटलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलोच नाही, त्यानंतरच्याही नाही.

याच सुमारास घरात दुसरंच एक नाटक सुरू झालं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. योशिनोबाईंनी हवाई बेटांवरचा हुला नाच शिकायला सुरुवात केली होती. म्हणजे घरी तसं सांगितलं होतं. आमच्या गावातल्या निम्म्या आज्या हुला शिकतात, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. प्रत्यक्षात बाई बस पकडून ड्रायव्हिंग स्कूलला जात होत्या, क्लचची गाडी शिकायला. मास्तर दुकानात कुणाची दाढी करत असले की त्या हळूच गॅरेजमध्ये येत, माझ्यात उजवीकडे बसत, आणि इंजिन बंद ठेवून क्लच दाबत, गिअर टाकत. "सवती, बोलशील तर बघ," असा दम मला रोज मिळायचा. मी कसली बोलतेय! तो दिवसातला एकच तास असा होता की कुणीतरी माझा गिअर हातात धरत होतं.

एकदा मास्तरांनी जेवताना विचारलं म्हणे, "हुलामध्ये डावा पायच जास्त दुखतो का?" बाई म्हणाल्या, "आमच्या बाई फार कडक आहेत."

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. चढावर गाडी मागे आली. गॅरेजमध्ये येऊन माझं स्टिअरिंग धरून थोडं रडल्या आणि मग स्वतःवरच हसल्या. सांगून का टाकत नाहीत, असं मला वाटायचं. पण त्यांच्याही मनात एक आस होती, हे मला नंतर कळलं.

दरम्यान मास्तरांनी योकोहामाच्या बंदरावरच्या एका दलालाला फोन केला होता. तो शनिवारी आला. माणूस वाईट नव्हता, चपला बाहेर काढून देवळात शिरावं तसा माझ्यापाशी अदबीने आला. किंमतही चांगली बोलला. अमेरिकेत गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. "तिकडे हे पुढचे आरसे चालत नाहीत. काढून दाराला लावून देऊ," असंही म्हणाला. मास्तरांनी माझ्या उजव्या आरशावर हात ठेवला. माझ्या टाकीत पेट्रोल होतं, नाहीतर मी तिथेच कोरडी पडले असते.

तेवढ्यात योशिनोबाई चहा घेऊन आल्या. पाहुण्याला दिला, मास्तरांना दिला, ट्रे माझ्या बॉनेटवर ठेवला. एरवी तिथे पानही पडलेलं मास्तरांना खपत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "मिनागावांना विचारलंत. ओगातांना विचारलंत. हिरुकावांना विचारलंत. या साहेबांना तर योकोहामाहून बोलावलंत."

"मग?"

"मला विचारलंत?"

मास्तरांना कळेचना. "तुला? अगं, पण तुझं लायसन..."

बाईंनी एप्रनच्या खिशातून नवं लायसन काढून ट्रेवर ठेवलं. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या होत्या. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "म्हणजे हुला?"

"हुला मला अजिबात येत नाही."

दलाल चहाच्या कपात बघत राहिला. मास्तर सरळ उभे राहिले, दुकानात गिऱ्हाइकासमोर वाकतात तसे आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर वाकले आणि म्हणाले, "योशिनो, झेड तू घेशील का?"

"हो," बाई म्हणाल्या. एकदाही नको न म्हणता. मी आजवर ऐकलेला सगळ्यात उद्धट आणि सगळ्यात गोड शब्द तोच. दलाल चहा संपवून गेला. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही घाट चढलो. मी तीनदा बंद पडले, त्यात माझा काही दोष नव्हता. पार्किंगमध्ये पोचलो तर तिघेही धावत आले, आणि उजवीकडच्या दारातून योशिनोबाई उतरल्या तेव्हा ओगातांच्या हातातला कॉफीचा डबाच सुटला. हकीकत कळल्यावर तिघे एकमेकांकडे बघू लागले. मग मिनागावा हळूच म्हणाले की तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी गॅरेज रिकामं करून ठेवलं होतं. ओगाता म्हणाले, मीही. हिरुकावांनी तर व्हॅन विकायला काढली होती. त्यावर इतकं हसले सगळे की शेजारच्या सायकलवाल्यांनी वळून पाहिलं. मग हिरुकावांनी मुटके काढले आणि योशिनोबाईंसमोर धरले. बाईंनी पहिल्या झटक्यात दोन उचलले.

उतरताना मास्तर डावीकडे बसले होते. पहिली काही वळणं त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. "गिअर खाली घे," ते म्हणाले. "घेतलाय," बाई म्हणाल्या. मग झाडी संपली, आणि मास्तर एकदम ताठ बसले.

"योशिनो, इथून समुद्र दिसतो."

"दर वेळी दिसायचा. सांगत नव्हते का?"

"तू बघ ना जरा."

"रस्त्यावर लक्ष आहे माझं," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. समुद्राकडे बघत राहिले आणि मग मनापासून म्हणाले, "इतकी वर्षं मी तुला एकटीलाच बघायला लावला." बाईंनी गिअरवरचा हात उचलून क्षणभर त्यांच्या हातावर ठेवला. माझी चाल थोडी अडखळली, पण मी सांभाळून घेतलं. शेवटी सवत झाले तरी घरचीच आहे.

तर असं आहे. पोचा ठोकून घेतलाय, खांबही सरळ केलाय, आरसे जागच्या जागी आहेत. माझ्या घराण्यातली खरी कोण, पहिली का टर्बोवाली, ते तुम्ही खुशाल भांडा. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं, लाडकं असेल आणि द्यायची वेळ आली, तर गावभर फिरण्याआधी शेजारच्या सीटवर कोण बसलंय ते बघा, आणि त्याला विचारा.

आता निघते. पुढे सिग्नल लाल आहे, चढ आहे, मागे मिनागावांची गाडी अगदी चिकटून उभी आहे, आणि योशिनोबाईंना चढावरचा क्लच अजून नीट जमत नाही.